गाय तीच कशावरून?

आमच्या चारा छावणीत तत्त्वज्ञान आलं ते कीर्तनकार महाराज आले नाहीत म्हणून. महाराजांचा निरोप होता की आंघोळीपुरतं पाणी असेल तर येतो. छावणीत जनावरांना प्यायला टँकर येत होता, तोही दोन खेपांचा ठरलेला असून एकच खेप करत होता. महाराजांची आंघोळ त्यात बसेना.

त्या दुष्काळात संक्रांतीनंतर आमच्या दूध संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर ही छावणी उघडली होती. मी संस्थेचा सेक्रेटरी. घरी बायको, दोन मुली आणि एक म्हैस. म्हैस छावणीतच होती, तिसऱ्या दावणीला, इतरांसारखीच रीतसर नोंद करून. मोठी जनावरं पाचशे बत्तीस, लहान एकशे सात. मोठ्याला रोज पंधरा किलो चारा, लहानाला साडेसात. चारा म्हणजे ऊसच, माजलगावच्या बाजूला धरणाखाली जो काही शिल्लक होता तो. सकाळी ट्रॉली यायची, वजन करून वाटप व्हायचं. पाच वाजता पाणी. प्रत्येक घरातलं एक माणूस जनावराजवळ मुक्कामाला. सकाळचं वाटप दहाला संपलं की संध्याकाळच्या पाण्यापर्यंत सात तास. दोनशेच्या वर माणसं, रोज सात तास, हातांना काम नाही. पत्ते होते, तंबाखू होती, भांडणं होती. पहिल्या पंधरवड्यात तीन मारामाऱ्या झाल्या, त्यातली एक कुणाच्या रेड्यानं कुणाच्या सावलीत शेण टाकलं यावरून.

चेअरमन माझा शाळेतला बाकावरचा सोबती. चारचौघांत सेक्रेटरी म्हणायचा, पण 'बे' लावून.

"आबे सेक्रेटरी, तू कालिजात तत्त्वज्ञान घेतलतंस ना?"

"घेतलं होतं. सेकंड क्लास मिळाला होता."

"मंग बोल की बे कायतरी दुपारच्याला. म्हाराज न्हाई तर न्हाई. मान्सं एकमेकाची टकुरी फोडायलीत."

खरं तर तत्त्वज्ञान मी आवडीनं घेतलं नव्हतं. अर्थशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात चारच मुलं होती. प्राध्यापकांनी मला जवळजवळ दंडाला धरून आत नेलं. पण घेतलं ते नीट वाचलं. वीस वर्षं पेटीत पडलेली तीन पुस्तकं मी काढली. एक तर्काचं जुनं संस्कृत पुस्तक, खाली मराठी अर्थ दिलेलं. एक बौद्धांच्या प्रश्नोत्तरांचं. आणि एक वेदान्तावरचं, ज्याची शेवटची पानं कसरीनं आधीच अभ्यासून टाकली होती. तिन्ही घेऊन निघालो तेव्हा बायको म्हणाली, "दोन हजार वर्षं कुनाला कळलं न्हाई ते तुमी उसाच्या ढिगावर बसून सांगणार का?"

"सांगून बघतो."

"बघा. आन येताना म्हशीचं शेण आना, सारवायला."

पहिल्या दिवशी वजनकाट्याच्या शेडखाली अकरा माणसं आली. त्यातली चार झोपली, म्हणजे श्रोते सात. माणसाला एखादी गोष्ट कळते ती कशावरून कळते, इथून मी सुरुवात केली. जुन्या तर्कवाल्यांनी याला प्रमाण म्हटलंय आणि चार प्रमाणं सांगितलीत. डोळ्यांनी बघितलं ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला आणि तिथं आग असणार असं ताडलं, ते अनुमान. रानात गाईसारखा दिसणारा एक प्राणी असतो असं ऐकलं आणि पुढं तो दिसल्यावर ओळखला, ते उपमान. आणि भरवशाच्या माणसानं सांगितलं म्हणून मानलं, ते शब्द.

"गाईसारखा म्हंजी रोही!" चारा आणणारा ट्रॅक्टरवाला म्हणाला. चारा उतरवून झाला की तो परतीची घाई करत नसे. आमच्या शेडखाली चाकाला टेकून बसायचा. "मागल्या साली माझा समदा हरभरा खाल्ला त्यानं. ग्रंथात त्याचा काय बंदोबस्त लिवलाय?"

"ग्रंथात फक्त ओळखायचं कसं ते आहे."

"वळखतोय की मी. त्योबी मला वळखतोय."

धूर आणि आग मात्र लोकांना पटली, कारण सगळेजण दिवसभर तेच करत होते. शेडमधून रस्ता दिसायचा. दूर धुरळा उठला की बायका घागरी घेऊन उठायच्या: धुरळा आहे त्या अर्थी टँकर आहे. तिसऱ्या दिवशी माझं बोलणं चालू असताना असाच धुरळा उठला, तीस-चाळीस माणसं धावली, आणि आली ती एका पुढाऱ्याच्या तीन गाड्यांची रांग. पुढाऱ्यांनी छावणीकडे हात जोडले आणि न थांबता गेले. घागरी परत आल्या. मी म्हटलं, "याला हेत्वाभास म्हणतात. खूण खरी वाटते, पण ती खूण नसते."

"ह्याला आमी निवडणूक म्हंतो," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

त्या दिवसापासून श्रोते वाढले. मी मोजत होतो, महिनाभरात ते साठावर गेले. दोरी आणि सापाचा दृष्टान्त सांगितला तेव्हा तर शेड भरली होती. अंधारात पडलेली दोरी साप वाटते, माणूस घाबरतो, दिवा आणला की साप नाहीसा होतो. जगाचंही तसंच, असं वेदान्ती म्हणतात. सहाशे एकोणचाळीस दाव्यांमध्ये बसून हे ऐकणाऱ्यांना ते मुळीच पटलं नाही.

"इथं दाव्याला साप समजाया लागलं तर मान्सानं बसायचं कुठं?"

"आन सेक्रेटरी, सापाला दावं समजून हात घातला तर? ते लिवलंय का?"

"ते नाही लिहिलेलं."

"मंग लिवणाऱ्याला कदी चावला न्हाई."

माझ्या दुसऱ्या वर्षाच्या सगळ्या नोट्समध्ये हा आक्षेप नव्हता. मी तो समासात लिहून ठेवला.

हे सगळं ज्या बाईमुळे लिहायला बसलोय तिच्याकडे आता येतो. आठव्या दावणीचं टोक शेडला लागून होतं आणि त्या टोकाला एक म्हातारी तिची तांबडी गाय घेऊन असायची. तलवाड्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मेंढरं दुष्काळाआधीच संपली होती. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले होते आणि जाताना तिच्या हवाली एवढी एकच गाय ठेवून गेले होते. गाय गाभण होती, सातवा महिना. म्हातारीचा सगळा पुढचा हिशेब त्या पोटावर होता आणि ती तो बोलूनही दाखवायची: "पोरगं येईस्तोवर ही जगली पायजे. मी मंग काय का हुईना."

ती ऐकायला वेगळी येत नसे. गाईजवळच बसलेली असे, आणि शेड तिच्याजवळ होती. सुरुवातीला मला वाटलं तिचं लक्ष नाही. एक दिवस शब्द या प्रमाणावर बोलत असताना तिनं मान न वळवता विचारलं, "दादा, भरवशाचा मानूस कोन, हे कसं वळखायचं?"

मी पुस्तकातलं सांगितलं. जे जसं आहे ते तसं सांगणारा. सांगण्यात त्याचा काही फायदा नसतो. आणि माझी एक भर घातली: तोटा झाला तरी तो तसंच सांगतो.

"आसा तुमी बगितलाय का?"

"पुस्तकात आहे."

साठ माणसं हसली. मला ते अर्थातच आवडलं नाही, पण उत्तर खरं होतं.

तिची गाय माझी दुसरी नियमित श्रोती. तिचं दावं जरा लांब होतं. हेत्वाभासाच्या पाच प्रकारांवर मी आदल्या रात्री टिपण काढून आणलं होतं. ते मांडीवरून घसरून मागं पडलं आणि प्रकार मोजता मोजता मी तिसऱ्यावर आलो तोवर गाईनं पान उचललं. मी ओढलं तेव्हा हातात एक कोपरा आला. उरलेले दोन प्रकार मला आठवले नाहीत. आजही पाच प्रकार म्हटलं की मला तीन आठवतात आणि चघळणारं तोंड आठवतं.

"खाऊ द्या," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "एवढ्या मान्सांत तिलाच कायतरी पचलं."

आता बिल्ल्याचं सांगायला हवं. छावणीत दाखल करताना प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला टोचायचा, त्यावर नंबर. मालकाच्या कार्डावर तोच नंबर. चारा बिल्ल्यावर. आणि बिल्ला कानातच पाहिजे, हातात चालत नाही, हा नियम वरून आला होता आणि मला तो पटला होता. कारण आमच्याकडे एकानं सिरसाळ्याच्या बाजारात बैल विकला होता, विकण्याआधी त्याचा बिल्ला कापून ठेवला होता, आणि "बैल पाण्याला नेलाय" असं सांगत नऊ दिवस चारा उचलला होता. पंधरा किलोप्रमाणे एकशे पस्तीस किलो. ते सापडल्यावर मीच शेडच्या खांबाला पाटी लावली: सुटा बिल्ला ग्राह्य नाही.

ती पाटी म्हातारीच्या डोक्यावर चार हात अंतरावर होती. पण तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायचं मला सुचलं नाही. नंतर विचार करता हे मला जास्त लागलं. मी तिला दोन महिने कुठल्या कुठल्या शतकातलं वाचून दाखवत होतो.

मंगळवारी तपासणी येणार म्हणून चेअरमनचा निरोप आला. सोमवारी दुपारी व्याख्यान बंद ठेवून मी यादी घेऊन दावणीदावणीनं फिरलो. आठव्या दावणीच्या टोकाला आलो तर तांबड्या गाईच्या कानात बिल्ला नाही. कानाला भोक होतं, कडा पिकलेली, वर हळद लावलेली.

"मावशी, बिल्ला कुठाय?"

"हाय की. जपून ठिवलाय." तिनं उशाचं गाठोडं सोडलं. त्यातून पत्र्याचा डबा निघाला, डब्यात फडकं, फडक्यात रेशनकार्ड, आधारकार्ड, आणि त्या दोघांच्या मध्ये पिवळा बिल्ला. "कान पिकला, आळ्या झाल्या. म्हनलं पडून हारपंल. तुमीच म्हनला हुता, ह्यो हाय तर चारा हाय. म्हून काडून ठिवला."

मी असंच म्हणालो होतो. बिल्ला जपा, बिल्ला आहे तर चारा आहे, हे दाखल करतानाचं माझं ठरलेलं वाक्य, सहाशे एकोणचाळीस वेळा म्हटलेलं. आमच्याकडे महत्त्वाचा कागद कधी अंगावर वागवत नाहीत, डब्यात घालतात. तिनं कागद जपतात तसा बिल्ला जपला होता.

"कधी काढला?"

"चार दिस झालं."

"मग चार दिवस चारा कसा मिळाला?"

"वाटणारा वळखतो की तिला."

मी पाटीकडे बोट दाखवलं आणि वाचून दाखवली. तिनं पाटीकडे बघितलं, मग बिल्ल्याकडे, मग गाईकडे.

"पर गाय तर हितंच हाय, दादा."

मी पेन्सिलनं नाही, पेननं नंबर खोडला. चेअरमनला सांगितलं. चेअरमन येऊन म्हणाला, "मावशे, आमच्या हातात न्हाई. उद्या तपासणीच्या आत गाय भाईर काडा. एका गाईपायी समदी छावणी बंद करत्यात ते." यात अतिशयोक्ती होती, पण फार नाही. शेजारच्या एका छावणीला आकडा जुळला नाही म्हणून कुलूप लागलं होतं, आणि तिथली जनावरं कुठं गेली हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हातारीला गाय घेऊन तलवाड्याला चालत जायचं म्हणजे दोन दिवस, वाटेत पाणी नाही, आणि गेल्यावर घरी चारा नाही. दुसरी वाट बाजाराची. गाभण, हाडं निघालेली गाय दुष्काळात कोण विकत घेतं आणि कशाला, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

मंगळवारी सकाळी चहा पिताना मी बायकोला घडलेलं सांगितलं.

"ती गाय तीच व्हती का?" तिनं विचारलं.

"होती. पण बिल्ला कानात—"

"मी बिल्ल्याचं न्हाई इचारलं." ती कळशी घेऊन बाहेर गेली.

अकरा वाजता तहसिलातले अधिकारी आले. बरोबर दोघे कर्मचारी. उन्हानं वैतागलेले, पण कामाला पक्के. सावलीत खुर्ची दिली तरी बसले नाहीत, स्वतः दावणी चालत मोजत गेले. लहान जनावरं एकशे सात, जुळली. मोठी यादीत पाचशे एकतीस. त्यांनी मोजली पाचशे बत्तीस.

पुन्हा मोजली. पाचशे बत्तीस.

"आजवर सात छावण्या तपासल्या," ते म्हणाले. "सगळीकडे कमी सापडली. जास्त पहिल्यांदाच बघतोय. कसलं जनावर आहे हे?"

चेअरमननं माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणायच्या आत आठव्या दावणीच्या टोकाहून म्हातारी उठली.

"माजी हाय साहेब. काल खोडली."

अधिकाऱ्यांनी बिल्ला हातात घेतला, उलटा केला, परत दिला. "सुटा आहे. हा कशाचाही असू शकतो. ही तीच गाय कशावरून?"

माझ्या श्रोत्यांना दोन महिन्यांत एवढा चांगला प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेडखाली हळूहळू माणसं जमली. तपासणीला घाबरून सकाळपासून दडून बसलेले लोकही आले.

"साहेब," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "चार परकारानं कळतं मान्साला. पैलं डोळ्यानं. बगा, कानाला भोक."

"भोक कुठल्याही कानाला असतं."

"मंग दुसरं. धूर बगून जाळ. त्या बिल्ल्याच्या खिळ्याला बगा, तांबडा केस चिकटलाय. गाय तांबडी. म्हंजी बिल्ला ह्याच कानात हुता."

अधिकाऱ्यांनी बघितलं. केस होता. "तांबड्या गाई इथंच पन्नास आहेत."

"बावन्न," मी म्हणालो. सवयीनं गेलं तोंडातून.

"कार्ड दाखवा. कार्डावर खुणा लिहिलेल्या असतात. त्याच्याशी ताडून बघू."

हे तिसरं प्रमाण झालं, असं कुणीतरी मागून म्हणालं. कार्ड मी भरलं होतं. सगळीच मी भरली होती, दोन दिवसांत सहाशे एकोणचाळीस. नंबर, मालक, गाव, जनावर, रंग, बिनचूक. शेवटचा रकाना 'खुणा'. तिथं मी एकशे अकराव्या कार्डापर्यंत शिंग, चांद, शेपूट सगळं लिहिलं होतं आणि पुढं आडव्या रेघा मारल्या होत्या. म्हातारीचं कार्ड तीनशेच्या पुढचं.

अधिकाऱ्यांनी ते वाचलं. "गाय. तांबडी. खुणा: रेघ. ही रेघ गाईला कुठे आहे?"

कुणी हसलं नाही. म्हणजे चेअरमन हसणार होता, पण त्यानं खोकून घेतलं.

"बाई, असं नाही चालत," अधिकारी म्हणाले. आवाज कठोर नव्हता. "तुम्ही म्हणता तुमची आहे, पण तुमचा त्यात फायदा आहे. हे लोक तुमच्या बाजूचे. मी कुणाचं धरू?"

म्हातारीनं पदर डोक्यावर नीट केला. "चवथं ऱ्हायलं ना साहेब. भरवशाच्या मान्साचं बोलणं. ज्येचा फायदा न्हाई, तोटा झाला तरी जसं हाय तसं सांगतो, त्येचं धरायचं आसतं. पुस्तकात हाय."

"असा कोण आहे इथं?"

तिनं माझ्याकडे हात केला. "ह्यांनी माजी गाय खोडली. ह्यांचा काय फायदा? ही गाय तीच हाय म्हनले तर ह्यांचीच चूक निगती. ह्यांना इचारा."

मी हे लिहिताना मोठेपणा घेत नाही, कारण मोठेपणाचं काही झालं नाही. माझ्या मनात त्या वेळी पहिली गोष्ट आली ती म्हणजे पेननं खोडलेली ओळ. खोडलेलं पुन्हा लिहिलं तर यादीत खाडाखोड दिसते आणि माझ्या सतरा वर्षांच्या कामात एका पानावर दोन खाडाखोडी कधी नव्हत्या. दुसरी गोष्ट आली ती पाटी. तिसरी, शेजारच्या छावणीचं कुलूप. चेअरमन डोळ्यांनी काहीतरी सांगत होता आणि ते 'गप बस बे' असं वाचता येत होतं. 'मला सांगता येत नाही' एवढं म्हणणं पुरलं असतं. ते पूर्ण खोटंही ठरलं नसतं. नियमानं मला सांगता येतच नव्हतं.

"ही तीच गाय आहे," मी म्हणालो.

"कशावरून?"

"हिनं माझं पान खाल्लंय."

आता मात्र सगळी शेड हसली. अधिकाऱ्यांनी हसू संपेपर्यंत वाट बघितली. मी सांगितलं की दोन महिने रोज दुपारी मी हिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसतो. डावं शिंग आत वळलंय. उजव्या डोळ्याखाली पांढरा ठिपका आहे, ज्वारीच्या दाण्याएवढा. उभी राहताना मागचा डावा पाय टेकत नाही. दाखल झाली त्या दिवशी बिल्ला मी माझ्या हातानं टोचला आणि हिनं मला शेडच्या खांबाला दाबलं होतं.

"एवढं सगळं माहीत होतं तर कार्डावर का नाही?"

"कंटाळा केला."

"आणि काल खोडली का?"

"बिल्ला कानात नव्हता."

"आज आहे?"

"आजही नाही."

अधिकाऱ्यांनी कार्ड माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "लिहून द्या. दोन्ही. गाय तीच आहे हेही, आणि खुणा भरल्या नाहीत हेही. सही तुमची. पुढं काही निघालं तर जबाबदारी तुमची एकट्याची."

मी वजनकाट्यावर कागद ठेवून लिहून दिलं. अकरा ओळी झाल्या. पंच म्हणून ट्रॅक्टरवाल्यानं सही केली आणि दुसरा पंच म्हणून चेअरमननं, दात खात. गाय यादीत परत आली, खाडाखोडीवर माझी सही. दुसरा बिल्ला उजव्या कानात टोचायचा असं ठरलं.

कर्मचारी पकड घेऊन आला तसं म्हातारीनं गाईच्या मानेला मिठी मारली. "आता ह्या कानात नका. ह्योबी पिकंल."

"मग कुठं टोचायचा, बाई?"

"सेक्रेटरीच्या कानात टोचा. ते न्हाईत हारपत."

शेवटी गाईच्याच कानात टोचला, कडुनिंबाचं तेल लावून, आणि रोज तेल लावायची जबाबदारी मला लिहून दिल्यासारखी माझ्यावर आली.

अधिकारी जाताना सांगून गेले की पुढच्या खेपेला सगळ्या कार्डांवर खुणा पाहिजेत. एकशे अकरा भरलेली वजा जाता पाचशे अठ्ठावीस. आठवड्याभरानं एका सकाळी सात जण सुटे बिल्ले घेऊन शेडमध्ये उभे. "आमचंबी प्रत्यक्ष बगा," असं म्हणत. चौघांची जनावरं खरोखर होती, कान फाटलेले. तिघांची नव्हती, तपासणी उरकल्यावर बाजारात गेली होती. त्या तिघांनी चारही प्रमाणं इतक्या सफाईनं मांडली की मला माझ्या प्राध्यापकांची आठवण झाली. त्यांचे नंबर मी खोडले आणि त्यातला एक नात्यातला असल्यानं पुढचे दोन महिने बायकोचं माहेर माझ्याशी बोललं नाही.

व्याख्यानं त्यानंतर बसून झाली नाहीत. मी कार्डांचा गठ्ठा घेऊन दावणीनं चालायचो आणि लोक मागून यायचे. रथाचा प्रश्न तेव्हाच झाला: चाक म्हणजे रथ नाही, आख म्हणजे रथ नाही, जू म्हणजे रथ नाही, मग रथ कुठाय? बौद्धांच्या पुस्तकात हा प्रश्न थेट माणसावर जातो. आमच्याकडे तो बैलगाडीवरून निघाला आणि दर दावणीला नव्या बैलावर येऊन थांबला. शिंग म्हणजे बैल नाही, वशिंड म्हणजे बैल नाही. "बिल्ला म्हंजी तर न्हाईच न्हाई," असं कुणीतरी प्रत्येक वेळी म्हणायचं आणि माझ्याकडे बघायचं. मी लिहीत राहायचो: कपाळी चांद, शेपटीचा गोंडा पांढरा, मालकाला मारतो.

नऊ दिवस लागले. आठव्या दावणीचं टोक मी शेवटी ठेवलं होतं. म्हातारी गाईला तेल लावत होती. तेल लावायला मी आलो की ती मला लावू देत नसे, फक्त बाटली धरायला देई. गाईचं पोट आणखी खाली उतरलं होतं.

"सांगा मावशी, खुणा."

"तुमीच सांगितल्या की त्या दिशी साहेबाला. समद्या."

मी डावं शिंग लिहिलं, ठिपका लिहिला, पाय लिहिला. रकाना भरत आला होता, एका ओळीची जागा होती.

"आन ते लिवा," ती म्हणाली. "नायतर पुन्हा कुनी इचारंल, तीच कशावरनं."

मी लिहिलं: कागद खाते. शाई वाळेपर्यंत कार्ड गाईपासून लांब धरलं.